फ्रेंच टॅरागॉन: रोप पारखण्यापासून ताटातल्या सुगंधापर्यंत

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच वसंतात मी टॅरागॉन या सुगंधी पाल्याच्या बियांचे एक पाकीट विकत आणले. उगवण झकास झाली, रोपे भराभर वाढली आणि ऑगस्टपर्यंत झाडे माझ्या खांद्याला लागली. पान चुरगळून पाहिले तेव्हा मात्र ओल्या गवतासारखा वास आला, आणि चावून पाहिले तर किंचित कडवट, बेचव चोथा तोंडात राहिला. पाकिटावर नुसते ‘टॅरागॉन’ एवढेच छापलेले होते. ते खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. फ्रेंच स्वयंपाकात ज्याचे एवढे कौतुक होते ते टॅरागॉन बियांपासून येतच नाही, ही गोष्ट मला एक अख्खा हंगाम वाया घालवून कळली. वाचकांचा तेवढा हंगाम वाचावा म्हणून रोप निवडणे, लावणे, वाढवणे, खुडणे, शिजवणे आणि साठवणे या क्रमाने सगळे सविस्तर मांडत आहे. या प्रत्येक टप्प्यावर सांभाळायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पानातले उडून जाणारे तेल.

आधी झाडाची ओळख

टॅरागॉनचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकन्क्युलस. ही सूर्यफुलाच्या कुळातली बहुवर्षायू वनस्पती असून दक्षिण रशिया, सायबेरिया, मध्य आशिया आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग एवढ्या विस्तीर्ण टापूत ती रानात आढळते. पश्चिम हिमालयाच्या कोरड्या, उंच प्रदेशातही तिचे रानटी रूप उगवते. आर्टेमिसिया ही प्रजाती मराठी माणसाला परकी नाही, कारण चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा याच प्रजातीतला आहे. दवण्याची काडी हातात धरून ज्याने एकदा तरी खोल श्वास घेतला असेल, त्याला या घराण्याची सुगंधाची रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मात्र दवणा कडू असतो. तो देवाला वाहावा आणि अत्तरात घालावा, स्वयंपाकात टॅरागॉनच्या जागी वापरू नये.

फ्रेंच लोक या पाल्याला ‘एस्त्रागाँ’ म्हणतात, तर इराणपासून कॉकेशसपर्यंत ‘तरखून’ आणि त्याची भावंडे असलेली नावे चालतात. शास्त्रीय नावातल्या ‘ड्रॅकन्क्युलस’चा लॅटिन अर्थ ‘छोटा ड्रॅगन’ असा होतो. कुंडी उपडी करून मुळांची गुंतवळ पाहिली की हे नाव का पडले असावे याचा अंदाज येतो, कारण सापांची पिल्ले एकमेकांत अडकून पडावीत तशी ती दिसते.

बाजारात या एकाच नावाखाली तीन वेगळी झाडे विकली जातात. फ्रेंच टॅरागॉनची पाने अरुंद, गुळगुळीत, किंचित चकचकीत आणि गडद हिरवी असतात, झाड साधारण 60 ते 90 सेंटीमीटर उंच होते, आणि पान चावल्यावर बडीशेपेसारखा गोडसर सुगंध आधी येऊन मागाहून जिभेच्या शेंड्याला हलकी बधिरता जाणवते. रशियन टॅरागॉन त्याच जातीचे असले तरी अधिक उंच आणि दांडगे वाढते, त्याची पाने फिकट आणि जराशी खरबरीत असतात आणि सुगंध जवळजवळ नसतो. तिसरे मेक्सिकन टॅरागॉन. ते आर्टेमिसिया नव्हेच, तर टॅगेटिस लुसिडा, म्हणजे आपल्या झेंडूचे भावंड आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांच्या कामाचे हेच असल्यामुळे त्याच्याकडे शेवटी वळू.

फ्रेंच आणि रशियन यांच्यातल्या फरकाचे मूळ गुणसूत्रांत आहे. रशियन प्रकारात 90 गुणसूत्रे असतात आणि तो भरपूर बी धरतो. फ्रेंच प्रकारात ती 36 असतात, परंतु बीजनिर्मितीच्या वेळी त्यांची वाटणी नीट होत नाही, म्हणून हे झाड वांझ राहते. ते फुलावर क्वचितच येते आणि आले तरी रुजणारे बी देत नाही. म्हणजे आज युरोपातल्या बागांमध्ये असलेले प्रत्येक फ्रेंच टॅरागॉन कुणीतरी आधीच्या झाडाचा तुकडा तोडून लावल्यामुळेच जगात आहे. सुगंधाचे मुख्य कारण एस्ट्रागोल हे द्रव्य होय, ज्याला मिथाइल चॅव्हिकॉल असेही म्हणतात. फ्रेंच टॅरागॉनच्या तेलात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. हेच द्रव्य बडीशेपेत आणि सब्जाच्या काही वाणांतही असल्यामुळे पहिल्यांदा टॅरागॉन चाखणाऱ्या मराठी माणसाला मुखवासाची आठवण होते.

रोप विकत घेताना

बियांचे पाकीट घेऊ नये, हे तर सांगून झालेच. रोपवाटिकेत जाऊन रोप घ्यावे आणि चिठ्ठीवरच्या नावावर पूर्ण विश्वास न ठेवता, विचारून एक पान तोडावे, समोरच्या दातांनी हळू चावावे आणि अर्धा मिनिट थांबावे. जीभ किंचित बधिर झाली आणि बडीशेपेची आठवण झाली तर रोप खरे. नुसता हिरवा, गवती स्वाद आला तर कुंडी परत जागेवर ठेवावी, कितीही टवटवीत दिसत असली तरी. ही परीक्षा शक्यतो मे-जूनमध्ये, नवी फूट आलेली असताना घ्यावी, कारण हिवाळ्याच्या तोंडावर खऱ्या फ्रेंच टॅरागॉनचे पानही मंदावलेले असते. एका घराला एक रोप पुरते. एक जास्तीचे घ्यायचे झालेच तर ते पहिले मेले तर असावे म्हणून घ्यावे, आणि हे झाड पहिल्या हिवाळ्यात मरण्याची शक्यता बरीच असते.

लावणी

थंड प्रदेशात शेवटचे हिमतुषार पडून गेल्यावर, म्हणजे एप्रिलअखेर ते मे महिन्यात, लावणी करावी. जागा दिवसाला किमान सहा तास ऊन मिळणारी हवी. जमीन कशीही चालेल, पण पाणी साचणारी मुळीच चालणार नाही. टॅरागॉन थंडीने मरते असे लोक म्हणतात, पण माझ्या अनुभवात ते बहुधा हिवाळ्यातल्या ओल्या, चिकण मातीने मरते. थंडी कोरडी असेल तर जमिनीखालचे खोड झोपून राहते आणि वसंतात पुन्हा फुटते. पाय ओले राहिले की तेच खोड कुजते.

म्हणून भारी जमीन असेल तर वाफा आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा आणि त्यात जाडी वाळू किंवा बारीक खडी मिसळावी. कुंडीत लावायचे असल्यास साधारण 25 ते 30 सेंटीमीटर व्यासाची, तळाला मोठी भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी आणि दोन भाग मातीला एक भाग जाडी वाळू असे मिश्रण भरावे. दोन झाडांमध्ये 45 ते 60 सेंटीमीटर अंतर ठेवावे. शेणखताचा मोह आवरावा. लावताना थोडे कुजलेले कंपोस्ट मिसळले की पुरे, कारण नत्र जास्त झाले की झाड जोमाने वाढते खरे, पण पाने मऊ, पाणचट आणि कमी सुगंधी होतात. आपल्याकडे जास्वंदीला आणि गुलाबाला जे लाड चालतात, ते इथे नुकसान करतात.

पाणी देण्याआधी बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. तेवढी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही बुंध्याशी, पानांवर नव्हे. पाने सतत ओली राहिली आणि झाडांत हवा खेळती नसली की तांबेरा येतो. पानाच्या पाठीमागे विटकरी ठिपके दिसू लागले की त्या फांद्या तळापासून कापून घराबाहेर टाकाव्यात, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. रोग सगळ्या झाडावर पसरला असेल तर ते झाड काढून नवे रोप दुसऱ्या जागी लावलेले बरे.

शरद ऋतूत झाड पिवळे पडून वाळू लागते, तेव्हा ते मेले असे समजून उपटू नये. वाळलेल्या काड्या जमिनीपासून चार बोटे ठेवून कापाव्यात आणि वरून काडाचे किंवा वाळक्या पानांचे हलके आच्छादन घालावे. कुंडी असेल तर ती भिंतीच्या आडोशाला, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी सरकवावी आणि मार्चपर्यंत जेमतेम ओल राहील एवढेच पाणी द्यावे. या काळात कुंडीकडे दुर्लक्ष करण्याइतकी चांगली देखभाल दुसरी नाही.

झाडाचे झाड करणे

बी नसल्यामुळे हे काम टाळता येत नाही. न विभागलेले झाड तीन-चार वर्षांत मध्यभागी लाकडी आणि विरळ होते, आणि पानांचा वासही उतरतो. म्हणून दर दोन किंवा तीन वर्षांनी, मार्च-एप्रिलमध्ये कोंब जेमतेम नखभर वर आलेले असताना, सगळा गड्डा उचलावा.

माती झटकून गड्डा वर्तमानपत्रावर ठेवला की तपकिरी मुळांची गाठ आधी एकसंध वाटते. ती ओढाताण करून सोडवू नये, कारण मुळे ठिसूळ असतात आणि कटकन तुटतात. गड्डा कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे बुडवून ठेवला तर माती सुटते आणि जमिनीखालून आडवी सरकणारी खोडे दिसू लागतात. त्यांच्यावर जागोजागी तांदळाच्या कण्यांएवढे पांढरट-गुलाबी डोळे असतात. दोन-तीन डोळे आणि थोडी तंतुमुळे येतील असे बोटभर लांबीचे तुकडे धारदार चाकूने कापावेत, मधले जुने लाकडी खोड टाकून द्यावे आणि तुकडे लगेच छोट्या कुंड्यांत, मातीखाली साधारण तीन सेंटीमीटर जातील असे आडवे लावावेत. एका गड्ड्यातून सहा-सात रोपे आरामात निघतात.

गड्डा उचलायचा नसेल तर जून महिन्यात छाट कलमेही करता येतात. न फुललेल्या, कोवळ्या पण लवचीक फांदीचा 10 सेंटीमीटर शेंडा पेराच्या लगेच खाली कापावा, खालच्या निम्म्या भागातली पाने काढावीत आणि वाळू व कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात खोचावा. कुंडीवर पारदर्शक पिशवी सैल बांधून ती सावलीत ठेवली तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. पाच कलमांतली तीन जगली तरी समाधान मानावे. कलम केलेल्या प्रत्येक कुंडीवर ‘फ्रेंच’ असे लिहून ठेवावे, विशेषतः घरात रशियन झाडही असेल तर. कोवळेपणी दोन्ही रोपे दिसायला इतकी सारखी असतात की नंतर चावून पाहण्याखेरीज उपाय उरत नाही.

खुडणी आणि चिरणे

झाड वीतभर उंच झाले की खुडणी सुरू करावी. दव सुकल्यावर पण ऊन तापण्याआधी शेंड्याकडची पाच ते आठ सेंटीमीटर फांदी कात्रीने कापावी. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा कापला तर ते नव्याने फुटते, त्याहून अधिक कापले तर थकते. शेंडे खुडत राहिल्याने झाड भरगच्च होते आणि क्वचित येऊ पाहणाऱ्या कळ्याही निघून जातात.

फांदीवरून पाने काढायची सोपी रीत अशी. शेंडा डाव्या हाताच्या चिमटीत धरावा आणि उजव्या हाताची दोन बोटे खोडावरून उलट्या दिशेने, म्हणजे शेंड्याकडून बुंध्याकडे ओढावीत. पाने एका झटक्यात सुटतात. देठ फेकू नयेत, त्यांचे काम पुढे आहे. पाने धुतल्यावर पंचावर पसरून पूर्ण कोरडी करावीत आणि वापरायच्या क्षणीच चिरावीत. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पान कापले जात नाही, चेंगरते, आणि पाच मिनिटांत कडा काळ्या पडतात. तो काळा रंग दिसला की पानातले तेल पाटावर गेले असे समजावे. एकाच पानावर सुरी पुन्हा पुन्हा फिरवण्याची कोथिंबिरीची सवय इथे सोडावी. तीन-चार पाने एकावर एक ठेवून आडवी एकदाच कापली की झाले.

कशात, किती आणि कधी

टॅरागॉनला लोणी, साय, अंडे, व्हिनेगर, मोहरीची चटणी आणि लिंबू यांची संगत मानवते. पदार्थांत कोंबडी, पांढरा मासा, मशरूम, बटाटा, गाजर, फरसबी आणि टोमॅटो. फ्रेंच स्वयंपाकात ‘फिन्झ एर्ब’ नावाचे चार कोवळ्या पाल्यांचे ठरलेले मिश्रण असते, त्यात पार्सली, चाइव्ह, चर्व्हिल यांच्याबरोबर टॅरागॉन असते. हे मिश्रण ऑम्लेटमध्ये अगदी शेवटी, घडी घालण्याआधी भुरभुरतात. रोझमेरी किंवा ओरेगॅनो यांसारख्या दणकट पाल्यांबरोबर टॅरागॉन घातले तर ते हरवते. माझे स्पष्ट मत असे, की ते आमटीत किंवा गोड्या मसाल्याच्या भाजीत घालण्याचा अट्टहास करू नये. लवंग-दालचिनीपुढे त्याचा आवाज पोहोचत नाही, आणि पाला महाग असतो.

चार माणसांच्या पदार्थाला चिरलेली ताजी पाने एक मोठा चमचा पुरतात. वाळलेली वापरायची वेळ आली तर त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे एक छोटा चमचा. ताजी पाने आच बंद करण्याच्या सुमारास घालावीत, कारण सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. देठांचे उलटे आहे. ते चिवट असतात, स्वाद हळू सोडतात, म्हणून सुरुवातीलाच घालून शेवटी काढून टाकावेत. देठ आधी, पाने शेवटी, एवढे ध्यानात ठेवले तर टॅरागॉनच्या बहुतेक फ्रेंच पाककृती पुस्तक न उघडता करता येतात.

बेआर्नेझ, सावकाशीने

टॅरागॉनची खरी परीक्षा बेआर्नेझ या लोणी आणि अंड्याच्या बलकाच्या दाट सॉसमध्ये होते. पॅरिसजवळच्या साँ-जेर्मेन-आँ-ले या गावातल्या पाव्हियाँ आँरी कात्र या उपाहारगृहात 1830 च्या दशकात तो जन्मला असे सांगितले जाते. आँरी कात्र म्हणजे फ्रान्सचा राजा चौथा हेन्री. तो मूळचा बेआर्न प्रांतातला, त्यावरून सॉसचे हे नाव पडले. भाजलेल्या मांसाबरोबर तो वाढण्याची रीत असली तरी उकडलेल्या शतावरीवर किंवा भाजलेल्या बटाट्यावरही तो तितकाच शोभतो.

तीन मोठे चमचे पांढऱ्या वाइनचे व्हिनेगर, तीन मोठे चमचे पांढरी वाइन, अगदी बारीक चिरलेला एक लहान कांदा, पाच-सहा ठेचलेले मिरे आणि टॅरागॉनचे राखून ठेवलेले देठ हे सगळे लहान पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. एक मोठा चमचा द्रव उरेपर्यंत आटवून, गाळून कोमट होऊ द्यावे. वाइन नको असेल तर तिच्या जागी पाणी घ्यावे, थोडी गोलाई कमी होते इतकेच. गरम अर्कात अंडे पडले तर पिवळ्याची भुर्जी होते, त्यामुळे इथे घाई नको.

आता काचेच्या किंवा स्टीलच्या वाडग्यात दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि हा अर्क घ्यावा. वाडगा जेमतेम वाफाळणाऱ्या पाण्याच्या पातेल्यावर असा ठेवावा की त्याच्या बुडाला पाणी लागणार नाही, आणि न थांबता फेटत राहावे. सुरुवातीला फेस येतो, मग फेस बारीक होत जातो, आणि तीन-चार मिनिटांनी फेटणी उचलली की मिश्रणाची घडी क्षणभर वर टिकून मग विरघळते. तिथे थांबावे. वाडग्याच्या कडेला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर लगेच खाली उतरवावा, कारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास बलक गोळे धरू लागतो.

वितळवलेले 125 ग्रॅम लोणी, तळाचा पांढरा साका मागे ठेवून, आधी थेंबाथेंबाने आणि मिश्रण दाट होऊ लागल्यावर बारीक धारेने घालावे. फेटणे थांबवू नये. शेवटी मीठ आणि एक मोठा चमचा चिरलेले टॅरागॉन घालावे. सॉस फुटून तुपासारखा वेगळा होऊ लागला तर घाबरून जाऊ नये. एक चमचा थंड पाणी टाकून जोरात फेटले की बहुधा तो सावरतो. न सावरल्यास स्वच्छ वाडग्यात नवा बलक घेऊन त्यात फुटलेले मिश्रण थेंबाथेंबाने फेटत घालावे. तयार सॉस कोमटच वाढतात. तो पुन्हा गरम करता येत नाही आणि बलक पुरता शिजलेला नसल्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

रोजच्या जेवणातले दोन पदार्थ

‘पुले आ लेस्त्रागाँ’, म्हणजे टॅरागॉन घातलेली कोंबडी, हा फ्रान्समधला घरगुती पदार्थ आहे. कोंबडीचे एक किलो तुकडे मीठ-मिरी लावून लोण्यात सोनेरी परतावेत आणि बाजूला काढून त्याच भांड्यात दोन लहान कांदे मऊ होऊ द्यावेत. मग दीडशे मिलिलिटर पांढरी वाइन ओतून तळाला चिकटलेले खरवडावे, तेवढेच कोंबडीचे पाणी आणि टॅरागॉनचे देठ घालावेत, तुकडे परत सोडावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावे. देठ काढून शंभर मिलिलिटर क्रीम घालावे, रस चमच्याच्या पाठीला धरेल इतका आटवावा आणि आच बंद करून पाने पसरावीत. याच रीतीने मशरूम पंधरा मिनिटांत होतात आणि शाकाहारी घरात तेच अधिक केले जावेत अशी माझी शिफारस आहे.

गाजराचे त्याहून सोपे. तीनशे ग्रॅम गाजराच्या चकत्या, चमचाभर लोणी, चिमूटभर साखर, मीठ आणि गाजरे जेमतेम बुडतील इतके पाणी उघड्या कढईत ठेवावे. पाणी आटून चकत्यांवर तकाकी आली की टॅरागॉन घालून परतावे आणि लगेच वाढावे.

कॉकेशसची सढळ रीत

वर सांगितलेला चमच्या-चमच्याचा हिशेब फ्रान्सचा आहे. जॉर्जियात तरखुना जुड्यांनी वापरतात. ईस्टरच्या सुमारास होणाऱ्या चाकापुली या पदार्थात कोकराचे मांस, हिरवे आंबट आलुबुखारे, पांढरी वाइन, कांद्याची पात आणि टॅरागॉनच्या अख्ख्या जुड्या एकत्र शिजतात. तिथे पाला हा भाजीच असतो. इराणमध्ये ‘सब्ज़ी खोर्दन’ म्हणजे जेवणाबरोबर कच्च्या पाल्याचे ताट ठेवतात, त्यात पुदिना, मुळ्याबरोबर तरखूनच्या डहाळ्याही असतात आणि लोक पनीर-रोटीबरोबर त्या तशाच खातात. स्लोव्हेनियात तर टॅरागॉन भरलेली गोड गुंडाळी, पोतित्सा, करतात. म्हणजे ‘टॅरागॉन जपून वापरावे’ हा सल्ला सार्वत्रिक समजू नये.

जॉर्जियाचे हिरवेगार तरखुना सरबत मित्रोफाने लाघिद्झे या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवले असे मानतात. घरी करायचे तर 200 ग्रॅम साखर आणि 200 मिलिलिटर पाण्याचा पाक उकळून खाली उतरवावा, त्यात 30 ग्रॅम चुरडलेली पाने घालून अर्धा तास झाकून ठेवावे, मग गाळून दोन लिंबांचा रस मिसळावा. एका भागाला चार भाग थंड सोडा. घरचा रंग फिकट पिवळसर-हिरवा येतो. बाटलीतला भडक पाचू रंग पाल्याचा नसतो, त्यामुळे तो आला नाही म्हणून खट्टू होऊ नये.

साठवण

वाळवणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे. टॅरागॉन वाळले की तेल निघून जाते आणि गवताचा वास मागे राहतो. दुकानातल्या जुन्या बाटलीवरून या पाल्याबद्दल मत बनवणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते.

व्हिनेगर ही उत्तम पद्धत. किमान 5 टक्के आम्लतेच्या अर्धा लिटर पांढऱ्या वाइन व्हिनेगरमध्ये धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या चार-पाच डहाळ्या बुडवाव्यात, बाटली बंद करून अंधारात दोन ते तीन आठवडे ठेवावी, गाळून घ्यावी. ते वर्षभर टिकते. हाच प्रयोग तेलात करून बाटली ओट्यावर ठेवू नये. तेलाखाली हवा आणि आम्ल दोन्ही नसल्यामुळे ताज्या पाल्यावर बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

लोण्यातली साठवण मला सर्वाधिक उपयोगी वाटते. शंभर ग्रॅम मऊ लोण्यात दोन मोठे चमचे चिरलेली पाने, चमचाभर लिंबाचा रस आणि मीठ मिसळून, बटर पेपरमध्ये लांबट गुंडाळी करून फ्रीझरमध्ये ठेवावी. तीन महिने ती छान राहते, आणि गरम मासा, भाजलेले मक्याचे कणीस किंवा उकडलेला बटाटा यांवर एक चकती ठेवली की वेगळा सॉस लागत नाही.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. एस्ट्रागोल मोठ्या प्रमाणात दिल्यावर उंदरांमध्ये यकृताच्या गाठी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. स्वयंपाकातल्या पानांचे प्रमाण त्या मानाने फार कमी असते, परंतु टॅरागॉनचे अर्कतेल पोटात घेऊ नये, आणि गरोदरपणात औषध म्हणून त्याचे काढे करू नयेत.

महाराष्ट्रात लावायचे असेल तर

फ्रेंच टॅरागॉनला हिवाळ्यातली खरी थंडी आणि विश्रांती लागते. मे महिन्याची धग आणि मग जून ते सप्टेंबरची ओल या दोन्हींत ते टिकाव धरत नाही. पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या गच्चीवरचे रोप फेब्रुवारीपर्यंत हसत होते आणि जुलैत कुजले. थंडीत एखादे रोप आणून चार महिने वापरायचे आणि सोडून द्यायचे, इतपत अपेक्षा ठेवली तर हरकत नाही.

कायमचे झाड हवे असेल तर मेक्सिकन टॅरागॉन लावावे. ते बियांपासूनही येते आणि फांदी खोचली तरी रुजते, उन्हाला बिचकत नाही आणि शरदात लहान पिवळ्या फुलांनी भरते. पावसाळ्यात कुंडी छपराखाली किंवा विटांवर उचलून ठेवावी. त्याचा स्वाद फ्रेंचपेक्षा जास्त गोड आणि थेट बडीशेपेचा असतो, जीभ बधिर होत नाही. लोणी, अंडे, मशरूम आणि व्हिनेगर यांत ते बदली म्हणून चालते, मात्र फ्रेंचसाठी सांगितलेल्या मापाच्या पाऊणपटच घालून आधी चव पाहावी. तेही नसेल तर शेपूसारखा दिसणारा बडीशेपेचा कोवळा पाला तीन भाग आणि सब्जाची पाने एक भाग, अगदी बारीक चिरून, आच बंद केल्यावर घालावीत.